चार मिनिटांत दोन अंगठे

हर्सूलला जेलच्या रस्त्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. कैद्यांना भेटायला लांबलांबून माणसं येतात, आत जायला आधारची झेरॉक्स लागते, ती माझ्याकडं काढतात. शिवाय ऑनलाइन फॉर्म, पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन. बावीस वर्षं झाली. गिऱ्हाईक मला जरा दबकूनच असतं आणि ते बरंच आहे. कारण आधारची झेरॉक्स निघाली की मी ती लगेच हातात देत नाही. आधी तिच्यावर पेनानं दोन आडव्या रेघा मारायच्या, मधे लिहायचं, ‘फक्त मुलाखतीसाठी’, खाली तारीख टाकायची. मग न्यायची. कुणी कुरकुरलं की, “ताई, टाइम होतोय, मुलाखत हुकंल,” मी म्हणते, “हुकली तर पुढच्या आठवड्यात होईल. हा कागद भलत्याच्या हातात पडला तर तुम्हीच आत जाल. मग तुम्हाला भेटायला कोण येणार?” हसतात, पण लिहितात.

भिंतीवर माझ्याच अक्षरात पाटी लावली आहे. ‘ओटीपी कुणालाही सांगू नये. सख्ख्या भावालाही नाही.’ एवढी कडक बाई मी. त्यामुळं त्या दिवशी जे ऐकलं ते मला फारच झोंबलं.

जयंतीच्या आधीचा आठवडा होता. रस्त्याला निळ्या पताका लागल्या होत्या, मंडळांची पत्रकं छापून घ्यायला गर्दी होती, उन्हानं मशीन आणि मी दोघीही तापलेल्या. मागच्या गल्लीतल्या अंगणवाडीची मदतनीस आली. खिचडी शिजवणं, पोरं गोळा करणं, त्यांची नाकं पुसणं, हे ती नऊ वर्षं करत होती. एरवी दुरूनच “जयभीम ताई” करून जाणारी बाई, त्या दिवशी काही न बोलता गर्दी पांगायची वाट बघत कोपऱ्यात उभी राहिली. मग घडी घातलेला एक कागद काउंटरवर ठेवला.

“वाचा ताई. मला वाचता येतंय, पण नीट समजंना.”

पोलिसांची नोटीस होती. बाहेरच्या जिल्ह्यातून आपल्या ठाण्यात आलेली. तुमच्या नावावर असलेल्या अमुक मोबाईल नंबरवरून एका इसमाची फसवणूक झाली आहे, जबाबासाठी हजर राहावं. मी नंबर बघितला. तिचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे, तो हा नव्हता.

“हा कुणाचा नंबर?”

“मला काय ठावं? हवालदार म्हणला, तुमच्या आधारवर निघालेलं सिम हाय, तुमच्याच अंगठ्यावर.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “ताई, आधारची झेरॉक्स म्या फक्त तुमच्याकडंच काढलीय. दुसरीकडं कुठंच नाय.”

ती भांडत नव्हती. आरोपही करत नव्हती. आठवून आठवून जेवढं खरं होतं तेवढं तिनं सांगितलं होतं. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. “म्हणजे काय म्हणायचंय तुला? मी विकली?” असं मी ओरडलेच. तिनं पदरानं तोंड पुसलं फक्त. मग मलाच कसंतरी झालं आणि मी तिला आत स्टुलावर बसवून माठातलं पाणी दिलं.

पाणी पिऊन तिनं बाकीचं सांगितलं. हवालदार दारात आलेला सगळ्या गल्लीनं बघितला होता. दुसऱ्या दिवशी सुपरवायझर बाईंनी फोन करून सांगितलं, हे मिटेपर्यंत अंगणवाडीत येऊ नका. लेखी काही नाही, नुसतं तोंडी. आणि गल्लीत बायांनी ठरवून टाकलं की हिच्या नावावर गुन्हा आहे. “पोरं मला बघून हाका मारतात ओ ताई. त्यांच्या आया हाताला धरून त्यांना घरात ओढतात. म्या शिजवलेलं नऊ वर्षं खाल्लं ना त्यांनी?”

इतका वेळ कोरडे असलेले तिचे डोळे इथं भरून आले. नोकरी तर होतीच, पण त्या पोरांच्या आया तिला चोर समजत होत्या, हे तिला सोसत नव्हतं.

मी तिला म्हटलं, “आधी हे सिम निघालं कसं ते शोधू. आधार कुठं कुठं वापरलं गेलं, त्याची नोंद सरकारकडं असते. कोणत्या तारखेला, किती वाजता, कुणी विचारलं, बोट लावलं की ओटीपी आला, सगळं दिसतं. बघायला शिकलं पाहिजे, एवढंच.” माझा आवाज एकदम ठाम होता. मी असं बोलायला लागले की समोरच्याला वाटतं हिला सगळं येतं. बहुतेक वेळा येतंही.

पण खरं सांगायचं तर ती नोंद उघडायच्या आधी मी एक काम केलं. मशीनच्या मागं खराब निघालेल्या प्रतींचा गठ्ठा असतो. फिकट आलेल्या, वाकड्या आलेल्या, अर्ध्याच आलेल्या. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी हिशेब मांडते, आणि गठ्ठा फार झाला की समोरच्या भेळवाल्याला देते. त्या दिवशी तो गठ्ठा ओढून बघितला. वरचीच प्रत आधारची. फोटो काळा आलेला, पण नंबर ठसठशीत. लोकांच्या चांगल्या प्रतींवर मी रेघा मारायला लावत होते आणि माझ्याच दुकानातल्या खराब प्रती भेळीचा पुडा होऊन जेलच्या रस्त्यावर फिरत होत्या! तिच्यासमोरच बसून मी एकेक प्रत चार-चार तुकडे करून फाडली. ती म्हणाली, “काय करताय ताई?” मी म्हटलं, “साफसफाई.” धीर झाला नाही खरं सांगायचा.

मग फोन घेऊन बसलो. तिचा आधार नंबर टाकला, पडद्यावरची वाकडीतिकडी अक्षरं टाकली, आणि साइट म्हणाली ओटीपी पाठवला. तिच्या फोनवर काहीच आलं नाही.

“आधारला कोणता नंबर जोडलाय तुझा?”

ती विचारात पडली. आधार काढलं तेव्हा ती माहेरी होती, कन्नडला. घरात तेव्हा एकच मोबाईल, भावाचा. त्याचाच नंबर दिलेला. स्वतःचं सिम तर तिनं गेल्या दसऱ्यानंतर घेतलं, कन्नडच्याच आठवडी बाजारात, दसरा झाल्यावरच्या पहिल्याच बाजाराला, छत्री लावून बसलेल्या माणसाकडून.

मी कान टवकारले. दसऱ्यानंतर म्हणजे किती महिने झाले? बोटं मोजली. सहा महिने भरायला चारच दिवस राहिले होते. आणि ही नोंद सहा महिन्यांपर्यंतचीच दिसते, त्याच्या मागचं दिसत नाही. चार दिवसांनी तो बाजाराचा दिवस आमच्या डोळ्यांसमोरून पुसला जाणार होता. आधारला नवा नंबर जोडायचा म्हटलं तरी आठवडा कुठं गेला.

“लाव भावाला फोन,” मी म्हटलं.

भाऊ तिथल्या साखर कारखान्याच्या गेटवर वॉचमन. तिनं त्याला सगळं सांगितलं आणि म्हणाली, “दादा, आता तुझ्या फोनवर सहा आकडे येतील, ते सांग.”

तिकडून आलं, “कोण बोलतंय?”

“अरे मी! तुझी बहीण!”

“आवाज तर तिचाच हाय. पण आजकाल आवाजबी नकली काढतात.”

मी फोन हिसकावून घेतला. “दादा, मी हर्सूलची झेरॉक्सवाली. तुम्ही माझ्या दुकानात येऊन गेलात. वेळ लई कमी आहे, आकडे सांगा.”

“ताई, तुमच्याच भिंतीवर लिवलंय ना, सख्ख्या भावालाबी सांगू नका म्हणून? मग भावानं कुणाला कशापायी सांगावं?”

व्हिडिओवर बहिणीचं तोंड दाखवावं म्हटलं तर त्याचा फोन बटणाचा. मी पटवलं, दरडावलं, शेवटी आर्जवं केली. गडी हलला नाही. “नोकरीच गेटची हाय माझी, ताई. तोंड बघितल्याबिगर सोडत नाय. तुमी या इथं.” फोन ठेवला त्यानं. मदतनीस रडता रडता हसायला लागली. “लहानपनापासून असाच हाय मेला!” मला राग आला होता, पण आतून असं वाटत होतं की बावीस वर्षांत एकानं तरी माझी पाटी मनावर घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाला कुलूप घातलं. गिऱ्हाइकं कुलपाकडं बघून चरफडली असतील, चरफडू देत. आम्ही दोघींनी कन्नडची एसटी पकडली. खुलताबादच्या पुढं मीच विषय काढला, की त्या बाजाराच्या दिवशी नेमकं काय काय केलंस, सांग. तर म्हणाली, काही नाही, सिम घेतलं, भाजी घेतली, भाचीला रिबिनी घेतल्या. एवढंच तिला आठवत होतं.

गेटवर तिच्या भावानं आधी बहिणीला आपादमस्तक न्याहाळलं, मग मला. मग खुर्ची दिली, आतून चहा मागवला, आणि खिशातला फोन काढून गळ्यातल्या रुमालानं पुसला. “हां. आता धाडा आकडे.”

मी माझ्या फोनवर सगळं भरलं. त्याचा फोन वाजला. तरी त्यानं मला आकडे सांगितले नाहीत! फोन बहिणीच्या डोळ्यांपुढं धरला आणि म्हणाला, “तुझं हाय, तू वाच.” तिनं एकेक आकडा वाचला, मी टाकला. पान उघडलं.

एवढी वर्षं लोकांना सांगत आले, पण असं दुसऱ्याच्या जिवाची घालमेल चालू असताना ते पान मी कधी उघडलं नव्हतं. ओळीच ओळी. रेशनच्या दुकानात दर महिन्याला लावलेलं बोट. बँकेतलं एकदा. मी तिला प्रत्येक ओळ वाचून दाखवत मागं मागं जात होते आणि ती म्हणत होती, “व्हय, हे मीच. व्हय, हेबी मीच.” अगदी तळाशी पोचलो. आम्हाला हवी होती ती तारीख.

सिमच्या कंपनीची ओळ. सकाळी अकरा बावन्न. बोटाचा ठसा. यशस्वी.

तिच्या वर, पुन्हा तीच कंपनी. अकरा छप्पन्न. बोटाचा ठसा. यशस्वी.

“सिम किती घेतली होतीस?”

“एकच की.”

“मग बोट दोनदा कसं?”

ती त्या ओळींकडं बघत राहिली. मग सावकाश बोलायला लागली. “त्यो म्हणला, लागलं नाय. पहिल्यांदा लावलं तर म्हणला, तुमचा अंगठा खराब हाय बाई, धुणंभांडी करून घासलाय, उमटत नाय. त्याच्या रुमालानं पुसला माझा अंगठा. लोकं मागं उभी होती. मला लई लाज वाटली. परत लाव म्हणला, लावला.” मग मान वर केली. “ताई, यशस्वी म्हंजी लागला ना?”

“लागला म्हणजे लागलाच!”

“पहिल्यांदाच?”

“पहिल्यांदाच. त्यानं पहिल्या अंगठ्यावर तुझं सिम काढलं आणि खोटं बोलून दुसऱ्या अंगठ्यावर स्वतःसाठी एक काढलं. कुणाला तरी विकलं असणार. त्याच सिमवरून ही फसवणूक झाली.”

भावानं सणसणीत शिवी हासडली. ती मात्र स्वतःचा अंगठा बघत होती. म्हणाली, “त्या दिवसापासनं मी रेशनवाल्याला आधीच सांगत आले, माझा अंगठा खराब हाय, दोनदा लावून घ्या म्हणून.”

मला माझंच दुकान आठवलं. माझ्या दुकानातही अंगठ्याचं मशीन आहे, आणि ‘तुमचा अंगठाच खराब’ हे वाक्य मी किती जणींना तोंडावर फेकलं असेल, त्याची गणती नाही. मशीनची काच पुसायच्या आधीच फेकलेलं असायचं. मी तिला म्हटलं, “मीही म्हणत आले बघ असं लोकांना. चुकलं माझं.”

मग तिथंच गेटवर बसून कामं उरकली. त्या पानाचे फोटो घेतले. तिच्या बोटांचे आणि डोळ्यांचे ठसे आधारच्या साइटवर लॉक केले. रेशन आणायच्या दिवशी तेवढ्यापुरतं उघडायचं, काम झालं की परत बंद, हे तिला दोनदा करून दाखवलं, तिसऱ्यांदा तिच्याकडून करून घेतलं. त्याचेही आकडे भावाच्याच फोनवर येणार, म्हणून आधारला तिचा स्वतःचा नंबर लवकर जोडून घ्यायचं ठरलं. दूरसंचार खात्याच्या साइटवर तिच्या नावावर किती नंबर आहेत ते काढलं. दोन निघाले. एक तिचा, आणि दुसरा नोटिशीतला. त्याच्यापुढं ‘हा माझा नंबर नाही’ अशी खूण तिच्याच बोटानं करवली. तिनं ते बटण इतक्या जोरात दाबलं की माझ्या फोनची काच तडकते की काय असं वाटलं. भाऊ म्हणाला, “माझंबी बघा आता.” त्याचंही बघितलं. सगळं ठीक होतं, असणारच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात त्या पानांच्या तीन प्रती काढल्या. तिनं न सांगता पेन घेतलं, दोन रेघा मारल्या आणि मधे लिहिलं, ‘फक्त जबाबासाठी’. ठाण्यात मी तिच्याबरोबर गेले, पण बोलायचं नाही असं मनाशी ठरवून गेले. माझ्यासाठी ते अवघड असतं. साहेब तरुण होते. त्यांनी दोन ओळींवर बोट ठेवून विचारलं, “चार मिनिटांत दोनदा? तेव्हा तक्रार का नाही केली?”

“साहेब, दुसरं सिम निघालं ह्ये मला कळलं असतं तर केली असती ना! त्यो म्हणला माझा अंगठा खराब हाय. चार लोकांत असं म्हणलं की माणूस गप बसतो.”

साहेबांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. बाजाराचं ठिकाण, छत्रीचा रंग, त्या माणसाचं वर्णन, रुमाल. छत्री कोणत्या रंगाची ते तिला बरोबर आठवलं. शेवटी म्हणाले, “त्या सिमवाल्याचा माग यावरून काढता येईल. आमच्या दृष्टीनं तुम्ही यात साक्षीदार आहात बाई, आरोपी नाही.” तिनं विचारलं, “तेवढं लिहून द्याल का?” आणि त्यांनी खरंच दिलं, जबाबाच्या प्रतीसोबत, शिक्का मारून. मला तर वाटलं होतं उडवून लावतील.

तिथूनच सुपरवायझर बाईंना फोन लावला. कागद वाचून दाखवल्यावर त्या म्हणाल्या, “बरं झालं बाई सुटलात. सोमवारपासून या मग.” मी तोंड उघडणार होते, पण तिनंच उत्तर दिलं. “सोमवार कशाला? आज खिचडी कोण शिजवतंय?” तिकडून हसण्याचा आवाज आला. “बरं, या आजच.”

मला वाटलं झालं काम, आता मी दुकान उघडते. पण तिनं माझा हात धरला. “नाय ताई. तुमी गल्लीत चला.”

अंगणवाडी सुटायची वेळ झाली होती, खिचडीचा मात्र अजून पत्ता नव्हता. पोरांना न्यायला आलेल्या आया दारापुढं सावलीला उभ्या होत्या. आम्हाला बघून बोलणं थांबलं. दोघीचौघींनी पदर सावरला, एकीनं पोराचं मनगट पकडलं. मदतनीस पायरीवर जाऊन उभी राहिली आणि मला म्हणाली, “वाचा. मोठ्यानं.”

सगळी जिंदगी मी गिऱ्हाइकांवर ओरडले, पण भर उन्हात गल्लीत उभं राहून आधारची नोंद वाचायची वेळ पहिल्यांदाच आली. आधी पोलिसांचा कागद वाचला, साक्षीदार आहे म्हणून. मग ते पान. तारीख वाचली. “अकरा वाजून बावन्न मिनिटं, अंगठा, यशस्वी. अकरा छप्पन्न, अंगठा, यशस्वी.” आणि मधल्या चार मिनिटांत काय झालं ते तिनं स्वतः सांगितलं, रुमालासकट, काही न लपवता. “चोरी त्यानं केली. माझ्या बोटानं केली. म्या नाय केली.”

पोराचं मनगट धरलेली बाई मदतनीसच्या अंगठ्याकडं बघत होती, मग तिनं स्वतःचा बघितला. तिचंही माहेर कन्नडकडचं, त्याच बाजारातून, तशाच छत्रीखालून तिनंही सिम घेतलं होतं म्हणाली. तिच्याकडूनही दोनदा लावून घेतलं होतं. फोन पुढं करत ती मला म्हणाली, “ताई, माझंबी बघून देता का आत्ताच?”

मी हात पुढं केला होता. तेवढ्यात मदतनीस पायरीवरून खाली उतरली आणि आमच्या दोघींच्या मधे उभी राहिली.

“ताई बघतील, समद्यांचंच बघतील,” ती म्हणाली. “आधी ते पोरगं दे हिकडं. जेवलं नसंल अजून.”